आठ बाइटांपायी तीन दिवस

तीन दिवस गेले माझे. कशापायी, तर आठ बाइटांपायी! डोकं फिरलंय नुसतं.

सी भाषेत कोरुटिन लिहीत होतो, म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारी फंक्शनं. लिनक्स, एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचा ६४ बिटांचा प्रोसेसर). काम म्हटलं तर एवढंसं: आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ हे रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या कामाच्या मेमरीत, पुश करायचे, तिचं टोक दाखवणारा स्टॅक पॉइंटर बदलायचा, दुसऱ्या कोरुटिनचे तेच सहा रजिस्टर पॉप करायचे आणि रेट, म्हणजे स्टॅकवरच्या पत्त्यावर परतायची सूचना. असेंब्लीच्या पंधरा ओळी. पहिल्याच फटक्यात चाललं. कोरुटिनमधून प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनने पूर्णांक छापला, व्यवस्थित. दशांश संख्या छापायला सांगितली की सेगफॉल्ट, प्रोग्राम जागीच ठार! तोही माझ्या कोडमध्ये नाही, थेट प्रिंटएफच्या पोटात. जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कुणी कुणाला कॉल केलं त्याची यादी) बघावा तर खाली नुसती प्रश्नचिन्हं.

दोन दिवस मी माझा शेड्युलर, म्हणजे कोरुटिनांच्या पाळ्या लावणारा कोड, उकरत बसलो. त्यात काहीच चूक नव्हती! प्रोग्राम मरत होता मूव्हएपीएसवर; या सूचनेला मेमरीचा पत्ता सोळाच्या पटीतच लागतो. फंक्शनमध्ये शिरताना स्टॅक पॉइंटर सोळाच्या पटीपेक्षा आठने सरकलेला असावा लागतो, कारण कॉलने परतीचा आठ बाइटांचा पत्ता पुश केलेला असतो. मी रेटने उडी मारून शिरत होतो, तो पत्ता नव्हताच. दशांश असला तरच प्रिंटएफ मूव्हएपीएसने एक्सएमएम (दशांशांचे) रजिस्टर साठवतं, म्हणून पूर्णांक निमूट छापले जायचे. कंपायलरने एक शब्द काढला नाही. का काढेल? त्याला दिसतच नाही हे.

आणि कुणी म्हणू नका, तयार फंक्शन आहेत की. नव्या स्टॅकवर फंक्शन सुरू करणारं मेककॉन्टेक्स्ट पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डने २००८ मध्ये काढून टाकलं, वर सल्ला काय, तर थ्रेड वापरा. अहो, कर्नलने चालवायचे थ्रेड नकोत म्हणूनच तर हा खटाटोप! शिवाय मेककॉन्टेक्स्टला आर्ग्युमेंट द्यायचे इंट (३२ बिटांचे पूर्णांक), म्हणजे ६४ बिटांचा पॉइंटर दोन तुकडे करून पाठवा. ग्लिबसीचं (लिनक्सच्या सी लायब्ररीचं) स्वॅपकॉन्टेक्स्ट प्रत्येक अदलाबदलीला सिग्नल मास्कसाठी (कोणते सिग्नल अडवायचे त्या यादीसाठी) कर्नलमध्ये जातं. मग युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलला न विचारता, काय राहिलं? सीच्या सेटजंप-लाँगजंप या उडी मारायच्या जोडीने नव्या स्टॅकवर जायची सोयच नाही.

म्हणजे जो येईल त्याने याच पंधरा ओळी नव्याने लिहायच्या आणि याच आठ बाइटांवर आपटायचं. संताप होतो माझा! इतकी मूलभूत गोष्ट, आणि भाषेच्या स्टँडर्डमध्ये तिला जागा नाही.

आता हेच विंडोजवर न्यायचंय. तिथे आरडीआय, आरएसआय आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ पण जपायचे.