"टिकतो किती?"

परवा भाचीसाठी परफ्यूम घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच सुरुवात केली, "मॅम, बारा तास गॅरंटी." मी विचारलं, वास कसला आहे? तर म्हणे, "लाँग लास्टिंग." साडीचा रंग विचारावा आणि दुकानदाराने "धुतली तरी विटत नाही" एवढंच सांगावं, तसलं हे.

तिला तरी का बोला, आपणच सगळे हा एकच प्रश्न विचारतो. टिकतो किती?

मुळात वास येतो तोच काहीतरी उडून जातंय म्हणून. लिंबू-संत्र्याच्या सालीतले रेणू हलके, ते दहा-पंधरा मिनिटांत पसार होतात. गुलाब, मोगरा त्यांच्या मागून. चंदन, वाळा हे जड, म्हणून शेवटपर्यंत बसून राहतात. कोण आधी उठणार, कोण नंतर, ही पंगत नीट बसवणं हीच अत्तर करणाऱ्याची करामत. सगळेच बारा तास ठाण मांडून बसले तर ती पंगत कसली, तो मोर्चा झाला. (मोगऱ्यात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. सुटं हुंगलंत तर नाक दाबून पळाल. पण मोगऱ्याचा मोगरेपणा त्या कणभर घाणीत आहे. असो.)

दोन वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशात, अत्तरांच्या कनौजला गेले होते. तिथे अजूनही तांब्याची देग चुलीवर चढते. देगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपून बंद करायचं, आणि त्यातून निघालेली बांबूची नळी, तिला ते चोंगा म्हणतात, पाण्यात बुडवून ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, सोडायची. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांची वाफ त्यात उतरते, थंड होते, वास तेलात मुरतो आणि खाली साठलेलं पाणी काढून पुन्हा देगेत जातं. थर्मामीटर नाही, घड्याळही नाही. तिथला म्हातारा कारागीर पाण्यात हात घालून भपका चाचपायचा आणि आतली वाफ कितपत आली ते ओळखायचा. जाळ जास्त झाला की ओलं फडकं देगेवर. मी तासभर नुसती बघत बसले होते. म्हणजे गुलाब टिकतो तो चंदनाच्या जिवावर. आता चंदन परवडेना, म्हणून बऱ्याच ठिकाणी लिक्विड पॅराफिनवर, म्हणजे बिनवासाच्या खनिज तेलावर, भागवतात. मी नाक मुरडत नाही, पण ते चंदन नव्हे.

तिथूनच मिट्टी अत्तर आणलं. भाजलेली माती देगेत घालून काढलेलं, पहिल्या पावसाचं. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, तोवर कनौजवाले तो कधीच कुपीत भरून विकत होते. त्या वासातलं जिओस्मिन हे द्रव्य लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी आपल्या नाकाला कळतं. एवढं तिखट नाक देवाने दिलंय, आणि आपण त्याच्यावर बाटलीभर फवारा मारतो!

फवारा का मारतो, तेही सांगते. तोच वास सतत आला की थोड्याच वेळात मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. वास असतो, आपल्याला येत नाही. मग वाटतं उडाला, की मारा अजून दोनदा. लिफ्टमध्ये बाकीचे श्वास रोखून उभे.

माझ्या आत्याकडे चांदीची अत्तरदाणी होती. हळदीकुंकवाला ती उलट्या पंजावर हिन्याची एकच बारीक रेघ ओढायची. कोणी "अजून थोडं" म्हटलं तर हसायची, द्यायची नाही. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून फिरून जातात. वासाचा निरोप मात्र आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोचतो. कोणी हिना लावून शेजारून गेलं की मला आधी आत्याच्या बांगड्या आठवतात, हिन्याचं नाव नंतर.

तर भाचीला परफ्यूम घेतलाच नाही. घरी येऊन मिट्टी अत्तराची अर्धी कुपी तिला दिली. तिने मनगटाला लावलं, हुंगलं, दहा मिनिटांनी म्हणाली, "मावशी, हे गेलं की गं!" तेवढ्यात माझ्या सासूबाई आतल्या खोलीतून तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, गच्चीवरचे कपडे काढलेस का?"