डोके ज्याचे त्याने आणावे

महागड्या हेडफोनसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात डोके सोडून सर्व गोष्टींची नोंद असते. ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागाचा, व्यास मिलिमीटरमध्ये, इम्पिडन्स म्हणजे विद्युत अवरोध ओहममध्ये, संवेदनशीलता डेसिबलमध्ये आणि केबलची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. पण हे यंत्र ज्या अवयवावर चढवायचे त्याचा घेर किती असावा, कान कितपत पुढे आलेले चालतील, चष्मा असल्यास काय करावे आणि टाळूवरचे केस विरळ झाले असल्यास दाद कोणाकडे मागावी, याबद्दल त्यात अवाक्षरही नसते. डोके ज्याचे त्याने आणायचे असते. माझे डोके घेऊन मी या व्यवहारात उतरलो आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत बनले आहे, ते असे, की उंची हेडफोनचा अर्धाच आवाज कारखान्यात तयार होतो. उरलेला अर्धा कुशन आणि कान यांच्यामधल्या इवल्याशा पोकळीत तयार होतो, आणि त्या पोकळीचे बांधकाम आपली कानशिले, जबड्याचे हाड आणि चष्म्याच्या काड्या यांच्यावर सोपवलेले असते. या मजुरांपैकी एकानेही ध्वनिशास्त्राचे शिक्षण घेतलेले नसते.

माझा हेडफोन प्लॅनर मॅग्नेटिक जातीचा आहे. साध्या डायनॅमिक हेडफोनमध्ये पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते. प्लॅनरमध्ये अतिशय पातळ अशा पडद्यावरच वाहक पट्ट्यांची नक्षी काढलेली असते आणि त्या पडद्याच्या एका किंवा दोन्ही अंगांना चुंबकांच्या रांगा असतात. पडद्याचा बहुतेक सगळा भाग एकदम हलत असल्यामुळे आवाज स्वच्छ येतो, असे शास्त्र अभिमानाने सांगते. चुंबक जड असतात, हेही तेच शास्त्र सांगते, पण ते जरा खालच्या पट्टीत. सेनहायझर या जर्मन कंपनीचा १९९७ साली आलेला एचडी ६०० हा डायनॅमिक हेडफोन केबल वगळता सुमारे २६० ग्रॅम भरतो; प्लॅनर घराण्यातल्या काही थोरल्या मंडळींनी ६०० ग्रॅमचा आकडा ओलांडलेला आहे. माणसाचे डोकेच मुळी साडेचार ते पाच किलोचे असते, तेव्हा त्यावर अर्ध्या किलोची भर ती काय, असा युक्तिवाद या छंदातली जाणती माणसे करतात. ही माणसे अंकगणितात पक्की असतात, यात वाद नाही. पण मान नावाच्या अवयवाला अंकगणित येत नाही. पहिला अर्धा तास ती सौजन्याने वागते. त्यानंतर टाळूच्या बरोबर मध्यावर बोटभर जागा अशी काही जागी होते, की विलंबित लयीतला गायक समेवर येण्याची वाट मी रसिकतेने पाहतो आहे की केवळ सुटकेसाठी, हे माझे मलाच सांगता येत नाही.

वजन टाळूवर नको असेल तर ते दोन्ही बाजूंच्या दाबाने पेलावे लागते, हा निसर्गाचा नियम असून त्यावर अपील नाही. म्हणजे हेडबँडची पकड घट्ट हवी. पकड घट्ट झाली, की अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीच्या भावना काय असतील याचा बोध होतो. पकड सैल करण्याचा जुना आणि घरगुती उपाय असा, की हेडफोन जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर ताणून रात्रभर तसाच ठेवायचा. मी त्यासाठी शब्दकोशाचे खंड वापरले. सकाळी पकड सैल झालेली होती, कानशिले प्रसन्न होती, आणि गाण्यातला सगळा बेस नाहीसा झाला होता.

हे असे का झाले, ते नीट समजून घेण्याजोगे आहे. खर्जाच्या ध्वनीसाठी कुशनच्या आतल्या त्या पोकळीतली हवा कोंडलेली असावी लागते, कारण पडदा सावकाश मागेपुढे होताना त्या हवेचा दाब वर-खाली व्हावा लागतो. कुशन आणि त्वचा यांच्यामध्ये कुठे फट राहिली, तर तो दाब तिथून शांतपणे निघून जातो. वरच्या पट्टीतल्या ध्वनींना फटीचे सोयरसुतक नसते. जातो तो फक्त खर्ज. आणि अशी फट पाडण्यात चष्म्याच्या काडीचा हात धरणारे दुसरे साधन नाही. ती कुशनला नेमकी कानापाशी उचलून धरते आणि आत वाजणाऱ्या डग्ग्याला बाहेरचा रस्ता दाखवते. पूर्वी घट्ट पकड त्या काडीला माझ्या कवटीत रुतवून फट बंद करत होती. त्यात वेदना होती, पण डग्गाही होता. आता दोन्ही गेले.

हेडफोनचा इतिहास वाचला तेव्हा मला आपण एकटे नसल्याचा मोठाच दिलासा मिळाला. नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी १९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा प्रांतात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पहिले कामचलाऊ हेडफोन जुळवून अमेरिकी नौदलाला विकले. त्यांची ध्वनिग्रहणक्षमता पाहून नौदलाचे अधिकारी चकित झाले. मात्र ज्या रेडिओचालकांना ते प्रत्यक्ष डोक्यावर घालून बसावे लागे, त्यांनी ते डोक्याला टोचत असल्याची तक्रार केली, आणि बाल्डविन यांना कातडे गुंडाळलेल्या तारांची नवी, मागेपुढे सरकणारी पट्टी बनवून द्यावी लागली. म्हणजे या यंत्राबद्दल पहिल्यांदा जी कुरकुर झाली ती कानाने केलेली नव्हती, टाळूने केलेली होती. पुढे १९५८ साली जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन आणले, १९६० साली जपानच्या स्टॅक्सने स्थिरविद्युतीवर चालणारे आणले, १९६८ साली सेनहायझरने पिवळ्या फोमचा, उघड्या पाठीचा (म्हणजे मागच्या बाजूने आवाज बाहेर जाऊ देणारा) एचडी ४१४ आणला. आवाज दर पिढीत सुधारत गेला. टाळू आहे तशीच आहे.

स्टॅक्सचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्यांच्या प्रो जातीच्या हेडफोनमध्ये पडद्यावर ५८० व्होल्टचा दाब दिलेला असतो. प्रवाह नगण्य असल्यामुळे धोका नसतो, हे मला ठाऊक आहे आणि पटलेलेही आहे. तरीही एका परिचितांकडे तो डोक्यावर चढवताना मी दोन्ही हात खिशात घातले होते.

मग प्रश्न असा येतो, की हे हेडफोन बनवणारी हुशार माणसे त्यांची पारख कोणाच्या डोक्यावर करतात? याचे उत्तर असे, की पुतळ्याच्या. १९७२ साली केमार नावाचा एक अर्धपुतळा तयार झाला. तो सरासरी प्रौढ माणसाच्या मापाचा असून त्याला रबराचे कान असतात आणि कानाच्या नळीच्या टोकाला, जिथे आपला पडदा असतो तिथे, मायक्रोफोन असतो. आज असे अनेक कृत्रिम कान आणि मस्तके प्रयोगशाळांतून नांदत आहेत. मला या पुतळ्याबद्दल नितांत आदर आहे, आणि थोडा मत्सरही. त्याला चष्मा नाही. त्याला घाम येत नाही. त्याचा जबडा हलत नाही, त्यामुळे कोणी हाक मारल्यावर ‘काय?’ म्हणताना कुशनची फट उघडत नाही. त्याला मानेचा त्रास नाही, कानाच्या पाळीला खाज नाही, आणि सहाशे ग्रॅमचे ओझे डोक्यावर घेऊन तो रात्रभर निर्विकार बसू शकतो. अशा स्थितप्रज्ञाच्या कानात जो आवाज उमटतो, त्याचा आलेख काढून तो आपल्याला विकला जातो. त्या आलेखाला मी दोष देत नाही. माझ्या कानाची पन्हळ, तिचे वळण, नळीची लांबी यांतले काहीच त्या पुतळ्याशी जुळत नाही, आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या वर तर अशा प्रत्येक वळणाचा हिशोब आवाजात उमटतो. हेडफोन अर्ध्या बोटाने पुढे सरकवला, तर झांजेचा रंग बदलतो. हा बदल सूक्ष्म असल्याचे लोक म्हणतात; पण ज्याने एवढी रक्कम मोजली आहे त्याच्यासाठी कोणताच बदल सूक्ष्म राहत नाही.

माणसांवरचे प्रयोगही झालेले आहेत आणि ते मला फारच आवडतात. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या दशकात हार्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत श्रोत्यांना कोणत्या हेडफोनचा आवाज आवडतो याचा शोध घेतला. अडचण अशी होती, की डोक्यावर चढवताच माणसाला वजन कळते, कुशनचा स्पर्श कळतो, पकड कळते आणि मत फिरते. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. एकच हेडफोन श्रोत्यांच्या डोक्यावर ठेवून त्याच्यातून, ध्वनीचा समतोल बदलत, वेगवेगळ्या हेडफोनांच्या आवाजाची नक्कल ऐकवली. आवाजाची निर्मळ परीक्षा घ्यायची तर आधी आराम आणि बेआराम या दोघांना खोलीबाहेर काढावे लागते, हे शास्त्राने इतक्या नम्रपणे मान्य केलेले पाहून मला भरून आले. माझ्या घरी ते दोघेही खोलीतच बसलेले असतात.

आवाजाबद्दल मात्र खोटे बोलणार नाही. सगळे जुळून आले, म्हणजे चष्मा नीट बसला, मान विसावली, कुशन चहूबाजूंनी टेकले, की जे ऐकू येते त्याला तोड नाही. तंबोऱ्याची जवारी तारेतारेने सुटी होते. गायकाने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि त्या श्वासावरून तो सूर किती लांबणार याचा अंदाजही बांधता येतो. वर्षानुवर्षे ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात मागे कोणाची तरी खुर्ची करकरते, हे मला या हेडफोननेच दाखवून दिले. आता मला ते गाणे आठवले, की आधी खुर्ची आठवते. खोलीची उंची कळते, वादक कोणत्या बाजूला बसला आहे ते कळते, आणि टाळी कोणी चुकीच्या जागी दिली तेही कळते. हे सर्व सुमारे वीस मिनिटे टिकते. मग कानाच्या पाळीला घाम येतो, बोट आत शिरते, कुशन हलते, आणि तंबोरा एका बाजूला झुकतो.

वारंवारतेच्या आकड्यांविषयी एक अनुभव सांगायला हवा. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, असे पाठ्यपुस्तक म्हणते, आणि काही उंची हेडफोनांच्या माहितीपत्रकांत वरचा आकडा ५०,०००पर्यंत गेलेला असतो. ही सोय वटवाघळांसाठी असावी, पण त्यांच्या मापाचा हेडबँड कोणी काढलेला नाही. मी उत्साहाने चाचणीचे सूर लावून बसलो. १०,००० हर्ट्झ उत्तम. १२,००० ठीक. १६,००० हर्ट्झला मला अत्यंत विशुद्ध, दाणेदार शांतता ऐकू आली आणि हेडफोनच्या पार्श्वभूमीच्या नीरवतेचे मी मनातल्या मनात कौतुक करत होतो, तोच शेजारच्या खुर्चीवरून मुलगी ओरडली, “बाबा, बंद करा ना तो आवाज! दात शिवशिवतायत.” वाढत्या वयासोबत कान वरच्या पट्टीपासून सेवानिवृत्त होत जातो. ज्या वयात असा हेडफोन परवडतो, त्या वयात त्याचा वरचा मजला बंद झालेला असतो.

मुलीला तो सूर ऐकू आला, कारण माझा हेडफोन उघड्या पाठीचा आहे. त्यामुळे आवाज मोकळा आणि ऐसपैस वाटतो, आणि त्यामुळेच तो घरातल्या प्रत्येकाला मिळतो. मिळतो तोही गाळून, म्हणजे बेस वजा जाता. रात्री मी एखाद्या गंभीर रागात बुडालेलो असताना पलीकडून आवाज येतो, “अहो, लावायचं तर नीट मोठ्यानं लावा, नाहीतर बंद करा. हे चिंचिं काय चाललंय मघापासून?” बंद पाठीचा हेडफोन घ्यावा, तर त्यात कान उकडतात.

हितचिंतकांचे सल्ले मी थोडक्यात आटोपतो. ॲम्प्लिफायर बदलल्याने टाळूचे दुखणे थांबत नाही. केबल बदलल्याने तर काहीच होत नाही; फक्त नवी केबल जास्त जाड असेल तर तिचे वजनही मानेच्या खात्यात जमा होते. शंभर-दोनशे तास वाजवत ठेवल्यावर हेडफोन ‘खुलतो’, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्या तासांत खुलतो तो आपला प्रतिकार.

कुशन बदलण्याचा सल्ला मात्र खरा निघाला, आणि म्हणूनच जास्त महागात पडला. जाड कुशनने कान पडद्यापासून दूर गेला, ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, मवाळ झाला आणि खाज थांबली. मखमली कुशनने घाम थांबला, पण त्यातून हवा झिरपत असल्यामुळे बेस पुन्हा पातळ झाला. चामड्याच्या कुशनने बेस आणला आणि घामही. दर बदलागणिक हेडफोन नवा होत होता, पण माहितीपत्रक तेच होते. अखेर चामड्याचे, मागच्या बाजूला जाड आणि पुढे पातळ असे एक कुशन मला मानवले. त्यात डग्गा येतो, कानशिल दुखत नाही आणि टाळू तासभर धीर धरते. अट एकच आहे, चष्मा काढून ठेवण्याची. चष्म्याविना मला फोनवरची गाण्यांची यादी वाचता येत नाही, त्यामुळे गाणे मुलगी लावून देते आणि निघून जाते. काल तिने लावलेले काय होते कोण जाणे, पण त्यातला बेस फार सुरेख होता.