रिव्ह्यूला उत्तर : शीटवर २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) दिसतंय तर टेबलवर १डी८ का

नमस्कार सर, तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. म्हणणं थोडक्यात असं की रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) टेबलवर आमच्या डीएमला (खेळ चालवणारा डंजन मास्टर) "रूल्सच माहीत नाहीत", अ‍ॅप एक सांगतं आणि तो दुसरंच चालवतो, शेजारच्या पॅलाडिनला (पवित्र योद्ध्याचं कॅरेक्टर) एका टर्नमध्ये दोन स्माइट (वारावरचं जादा डॅमेज) आणि तुम्हाला एकच, शिवाय कॅफे लोकांना नवी पुस्तकं घ्यायला लावतो, म्हणून फी परत पाहिजे. फोनवर बोललो असतो पण इथे बाकीचे प्लेयर्सही वाचतात आणि हाच घोळ सध्या बऱ्याच टेबलांवर चालू आहे, म्हणून इथेच लिहितो.

आधी स्माइट, कारण सगळं तिथूनच पेटलं. तुमचा पॅलाडिन २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकवर (प्लेयर्ससाठीचं रूलबुक) बनवलेला आहे, शेजारच्याचा २०१४ च्या. जुन्यात डिव्हाइन स्माइट हे क्लासचं फीचर होतं, वार लागला की जागेवर स्लॉट (जादूच्या मोजक्या कोट्यातला एक) जाळायचा आणि वरून २डी८ डॅमेज, वेगळी अ‍ॅक्शन लागत नाही, त्यामुळे पाचव्या लेव्हलला दोन अटॅक मिळाले की स्लॉट असेपर्यंत दोन्हींवर मारा. नव्यात त्याचं स्पेल केलंय, ते बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली एकच जादा छोटी कृती) खातं म्हणजे टर्नला एकदाच, आणि स्पेल असल्यामुळे समोरचा विझार्ड त्यावर काउंटरस्पेलसुद्धा (स्पेल हाणून पाडणारं स्पेल) टाकू शकतो. बदल्यात एक वेळ स्लॉट न घालवता मिळतं आणि वेपन मास्टरी (शस्त्राची खास करामत) मिळते. म्हणजे शेजारच्यावर कोणाची मेहेरबानी वगैरे नव्हती, दोघांचा क्लास एक पण पुस्तकं दोन. डीएमने तुम्हाला तिथेच सांगितलं होतं की शीट जुन्या रूल्सवर करून घ्या, आम्ही थांबतो, मग तुम्हालाही दोन स्माइट मिळतील. तुम्ही नको म्हणालात कारण मास्टरी जात होती. आता नव्या पॅलाडिनची मास्टरी पण हवी आणि जुन्याचे दोन स्माइट पण हवेत, असा पॅलाडिन मलाही आवडेल हो, पण तो कुठल्याच पुस्तकात नाहीये.

क्युअर वूंड्सचं (जखम भरायचं स्पेल) पण तेच. २०१४ ला १डी८, २०२४ ला २डी८. हीलिंग वर्ड, तेही जखम भरायचंच, १डी४ चं २डी४ झालं. अ‍ॅपची यात काही चूक नाही, डी अँड डी बियाँडवर तुम्ही जे निवडाल त्याचा ते चोख हिशोब करून देतं, जुन्या गोष्टींपुढे "लेगसी" असं लिहिलेलंही असतं. पण समोर बसलेल्या पाच जणांनी काय ठरवलंय हे अ‍ॅपला कुठून कळणार? गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट ठरलं असेल तर आयसीसीचं रूलबुक काढून चालत नाही ना.

आणि आमचं काय ठरलंय ते बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत आहे, "रविवार कॅम्पेन, २०१४ रूल्स". का ते पण सांगतो. हे कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) नवी पुस्तकं यायच्या आधी सुरू झालंय. प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ ला आलं, डीएम गाइड नोव्हेंबरला आणि मॉन्स्टर मॅन्युअल थेट फेब्रुवारी २०२५ ला, मधले काही महिने कॅरेक्टर नवे आणि मॉन्स्टर जुने अशी स्थिती होती, तेव्हाच टेबलवर मतं घेतली आणि सगळे म्हणाले हे कॅम्पेन संपेपर्यंत जुन्यावरच राहू द्या. मध्येच बदललं की डीएमने बसवलेल्या मारामाऱ्यांचं गणित बिघडतं, प्लेयरने दोन वर्षं सांभाळलेलं कॅरेक्टर एका रात्रीत वेगळं वागायला लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं की बियाँडच्या शीटवरचे जुने स्पेल आणि मॅजिक आयटम नव्यांनी बदलले जातील, जुने हवे असतील तर होमब्रू म्हणून स्वतः बनवून घ्या. लोक इतके भडकले, सबस्क्रिप्शन कॅन्सल करायला लागले, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. पैसे देऊन घेतलेली गोष्ट हातातून जाते असं वाटल्यावर माणूस चिडणारच, आमचे रविवारवाले पण चिडले होते.

म्हणजे मी नव्या रूल्सच्या विरोधात आहे असं नाही. उलट मला ते बरेचसे आवडतात. एक्झॉशन (कॅरेक्टरचा थकवा) आता लक्षात राहतं, लेव्हलमागे डी२० (वीस बाजूंचा फासा) वर वजा २ आणि स्पीड ५ फूट कमी, संपला विषय, पूर्वीचा तो सहा पायऱ्यांचा तक्ता कोणाला पाठ होता? प्राणी बोलावायच्या जुन्या स्पेलने, कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्सने आठ लांडगे यायचे आणि त्या ड्रूइडची (निसर्गाची जादू करणारं कॅरेक्टर) एक टर्न होईपर्यंत किचनमधून सगळ्यांची कॉफी यायची, तेही गेलं, बरं झालं. पोशन (जादूचं औषध) बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिणं तर आमच्याकडे हाउस रूल म्हणून आधीपासून चालूच होतं, आता ते पुस्तकातच आलंय. रविवारी तुम्ही तसंच प्यायलात आणि डीएम काही बोलला नाही, ते मात्र रिव्ह्यूमध्ये आलं नाही.

पुस्तकं घ्यायला लावतो हे साफ खोटं आहे सर. कॅफेचं मास्टर टिअर सबस्क्रिप्शन आहे, कॅम्पेनच्या लिंकवरून जॉइन झालात की आमची घेतलेली सगळी पुस्तकं, जुनी आणि नवी, तुम्हाला शीट बनवताना दिसतात. ते पण नको असेल तर एसआरडी (कंपनीनेच खुला केलेला मूळ रूल्सचा भाग) फुकट आहे, जुन्या रूल्सचं ५.१ जानेवारी २०२३ पासून आणि नव्याचं ५.२ एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे, दोन्हींत पॅलाडिन आहे. तुम्ही लिंक उघडलीच नव्हती, स्वतःच्या अकाउंटवरची शीट घेऊन आलात, त्याला ना नाही, पण मग "घ्यायला लावतात" कशाला लिहायचं.

फी परत मिळणार नाही. तुम्ही सेशन पूर्ण खेळलात आणि शेवटचा वार पण तुमच्याच पॅलाडिनने मारला. पण शनिवारी संध्याकाळी २०२४ रूल्सचं नवं टेबल सुरू करतोय, मॉन्स्टरसकट सगळं नवं, तिथे तुमची शीट आहे तशी चालेल आणि स्माइट सगळ्यांनाच टर्नला एक. एक जागा तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो, यायचं असेल तर शीटची लिंक आधी डीएमला पाठवा म्हणजे तो बघून ठेवेल. पार्किंगबद्दल जे लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, टू-व्हीलरवर या.