हिरवा नव्हे, हिरवट

परवा शनिवारी इप्सविचमधल्या जुन्या वाद्यांच्या एका दुकानातून मी जो अपमान घेऊन घरी आलो, त्याची किंमत बरोबर ६० पौंड आहे. दुकानदाराने फोटो पाहून माझ्या स्पीकरचे १२० सांगितले होते आणि तासाभरात ते निम्म्यावर आले. वस्तू म्हणजे सेलेस्टियन या इंग्लिश कंपनीचा जी१२एम, १२ इंची, २५ वॉटचा, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसणारा. एका सहकाऱ्याच्या माळ्यावरून तो मला ३० पौंडांत मिळाला होता, त्यामुळे घरातून निघताना मी मनातल्या मनात नफ्याची वाटणीही करून टाकली होती.

या स्पीकरच्या पाठीवर, चुंबकावर, प्लास्टिकची एक टोपी असते. ती बहुधा हिरवी असते म्हणून त्याला सगळे ग्रीनबॅक म्हणतात. सत्तरच्या दशकात ती काळी आणि सायीच्या रंगाचीही निघाली आणि ब्लॅकबॅक, क्रीमबॅक अशा पोटजाती झाल्या. (आज दुकानात क्रीमबॅक म्हणून मिळणारा ६५ वॉटचा नवा स्पीकर मात्र निराळा, नावाच्या या घोळात माझ्यासारखा माणूस दोनदा तरी फसतोच.) टोपीच्या रंगाने आवाजात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो किमतीत, आणि माझी टोपी नेमकी कोणत्याच पोटजातीत बसत नव्हती. फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेल्या मुगाच्या वरणाला जो रंग येतो, तो तिचा रंग होता.

इथे इंग्रजी भाषा किती तोकडी आहे, हे मला प्रथमच कळले. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात नुसते ‘हिरवी दाखवा’ म्हटले तर विक्रेता दयेने पाहतो, कारण त्याच्याकडे पोपटी, मेंदी, शेवाळी, पिस्ता आणि मोरपंखी हे सगळे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मी दुकानदाराला ‘ग्रीनिश’ एवढेच सांगू शकलो, आणि तिथेच माझा पाय घसरला. काउंटरशी उभे असलेले एक आजोबा, ज्यांचा या व्यवहाराशी काहीही संबंध नव्हता, तो शब्द ऐकून वळले.

आजोबांच्या गळ्यात साखळीने बांधलेला चष्मा होता, खिशात पोस्टाची तिकिटे पाहायचे भिंग होते आणि पायाशी एक म्हातारा कुत्रा होता, जो लगेच माझ्या पिशवीवर बसला. ‘परवानगी आहे ना?’ असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्यांनी स्पीकर पालथा घातला. चौकटीवरची दोन अक्षरे त्यांनी मोठ्याने वाचली: एफ, एफ. पहिले महिन्याचे, दुसरे वर्षाचे. म्हणजे जून १९७३. ‘१९६१ सुद्धा असू शकले असते, तेव्हाही अक्षरे हीच होती,’ ते म्हणाले, ‘पण तेव्हा हा जन्मालाच आला नव्हता.’ मग त्यांनी अमेरिकन स्पीकरांची कीव केली. जेन्सनवर २२० हा कारखान्याचा आकडा, पुढे वर्षाचा फक्त एक अंक आणि नंतर आठवडा. तेव्हा २२०६३२ म्हणजे १९५६ की १९६६, हे ओळखायला निराळी अक्कल लागते, आणि ती आपल्याकडे आहे, हे त्यांनी नम्रपणे सूचित केले.

पुढे त्यांनी स्पीकरच्या कागदी शंकूचा वास घेतला. खरोखर घेतला, डोळे मिटून, नव्या तांदळाचा घ्यावा तसा. ‘सिगारेट,’ ते म्हणाले, ‘पब. बहुतेक तळघर.’ दुकानदाराने आदराने मान डोलावली.

‘हा प्री-रोला नाही,’ त्यांनी निकाल दिला. कंपनीचा थेम्स डिटनचा पत्ता असलेल्या जुन्या लेबलांना संग्राहक प्री-रोला, म्हणजे रोला या कंपनीच्या आधीची, असे म्हणतात. वस्तुतः रोला आणि सेलेस्टियन चाळीसच्या दशकातच एकत्र आल्या होत्या, आणि हे मी धीर करून बोललोही. आजोबा हसले आणि म्हणाले, ‘नाव पडले की पडले.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आमच्या घरातल्या ‘बाळूकाका’चे वय ७१ आहे.

मुख्य प्रश्न टोपीचा होता. ती कारखान्यातूनच अशी विचित्र निघाली असेल तर दुर्मीळ, कोणी रंगवली असेल तर बाद, आणि उन्हाने विटली असेल तर नुसतीच विटलेली. तिन्ही टोप्या दिसायला सारख्या असतात आणि आतला स्पीकर तर तोच असतो, हा मुद्दा मी मांडला तेव्हा दोघांनीही माझ्याकडे, देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. ‘उत्तर लेबलाखाली आहे,’ आजोबा म्हणाले, ‘तिथे ऊन पोहोचत नाही.’ लेबलाचा एक कोपरा किंचित उचकटलेला होता. मी ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी आपले पिवळे नख त्याखाली घातले, आणि ५० वर्षे टिकलेला तो कागद बोटभर फाटून त्यांच्या हातात आला.

खाली टोपी हिरवीगार होती.

‘विटलेली,’ ते समाधानाने म्हणाले. मग चष्मा काढून, जणू आता प्रथमच दिसले असावे अशा सुरात त्यांनी दुकानदाराला सांगितले, ‘लेबल मात्र फाटके आहे हो.’ दुकानदाराने जीभ चुकचुकली आणि ६० म्हटले. फाडले कोणी, हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या नम्र वाक्यांत विचारला. पंधरा वर्षे इंग्लंडमध्ये काढल्याने मला भांडता येईनासे झाले आहे. तिसऱ्या वाक्याच्या शेवटी तर मी चक्क ‘सॉरी’ म्हणालो. आजोबांनी मोठ्या मनाने माफ केले, कुत्र्याला पिशवीवरून उठवले आणि काहीही विकत न घेता ते निघून गेले.

मी स्पीकर परत आणला. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला टोपी दाखवून रंग कोणता ते विचारले. तिने भ्रमणध्वनी डोळ्यांशी नेला, नीट पाहिले आणि म्हणाली, ‘मळखाऊ आहे. चांगला आहे, सारखा पुसायला नको.’ फाटलेला तुकडा मी पाकिटात ठेवला आहे. फॉक्सहॉल रोड, इप्सविच असा पत्ता त्या लेबलावर होता. तुकड्यावर ‘इप्स’ तेवढे आले आहे.