स्वतःचीच फिरकी

नेटवर्किंगच्या कार्यक्रमात माझी पहिली पंचाईत होते ती हातांची. एका हातात कॉफी, दुसऱ्यात बशी, आणि समोरचे गृहस्थ हात पुढे करून उभे. कसाबसा कप बशीत ठेवून मी कार्डासाठी खिशात हात घालतो, तर बाहेर येतं पार्किंगचं तिकीट. गळ्यातला बिल्लाही तोवर उलटा फिरलेला. मग वेळ मारून न्यायला मी स्वतःवरच विनोद करतो. दुसऱ्यावर करायची आपली टाप नाही.

परवा एका कारखानदारांनी विचारलं, “आपण काय करता?”

“करसल्लागार आहे. लोकांचे हिशेब बघतो, स्वतःच्या पाकिटाचा मात्र लागत नाही!”

ते हसले. इथेच गप्प बसायला हवं होतं. पण एक हशा मिळाला की माझ्या अंगात येतं.

“बेरजेला तर अजून बोटं लागतात!”

हसू जरा ओसरलं. “म्हणजे चुका होतात?”

“होतात ना! पण दोन्ही बाजूंना सारख्याच, म्हणून ताळेबंद जुळतो!”

त्यांनी माझं कार्ड निरखून पाहिलं आणि अगदी हलक्या हाताने बशीतल्या टिशूखाली सरकवलं.

शेजारी पुलांचं डिझाइन करणाऱ्या एक बाई होत्या. “गाडी कुठे लावली ते मी दर वेळी विसरते. पूल तेवढे जागेवर सापडतात,” म्हणाल्या. चौघांनी त्यांचं कार्ड मागून घेतलं.

एलियट अॅरन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सहकाऱ्यांसोबत याचा प्रयोगच केला होता. विद्यार्थ्यांना प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एकात ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसऱ्यात ३० टक्केवाला. अंगावर कॉफी सांडल्यावर हुशार गडी लोकांना जास्तच आवडला. दुसरा होता तेवढाही आवडेना. माझा तर क्रमच उलटा. कॉफी आधी सांडते, प्रश्न कुणी विचारतच नाही.

पुढच्या वेळी धंद्याला हात लावायचा नाही असं ठरवून गेलो. एका तरुणाला म्हटलं, “डोक्यावरच्या केसांचा हिशेब आता तोंडी जमतो!”

तो हसला नाही. माझ्या टाळूकडे बराच वेळ बघत राहिला आणि कार्ड काढलं. हेअर ट्रान्सप्लांटचं क्लिनिक होतं त्याचं.

“पहिली तपासणी मोफत,” तो म्हणाला. “बेरीज आम्ही करू.”