झाडाला गवंडीकाम नको

मे महिना लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो: वादळात झाड पडू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्याचा शेंडा उतरवावा, कापलेल्या जागी डांबर फासावे, ढोली सिमेंटने बुजवावी आणि बुंध्याला पक्का ओटा बांधावा. हेतू चांगला आहे, पण सल्ले गवंड्याचे आहेत.

शेंडा उतरवल्याने धोका टळतो, हे फार तर पहिल्या पावसाळ्यापुरते खरे. पाने एकदम गेल्यामुळे उपाशी पडलेले झाड कापलेल्या टोकांवर झपाट्याने धुमारे फोडते आणि हे धुमारे आतल्या लाकडात न रुजता सालीलगतच चिकटलेले असतात. आमच्या आवारातील गुलमोहर तीन वर्षांपूर्वी असाच बोडका केला होता. आज त्याला खराट्यासारखे फुटवे आहेत आणि त्यातला मनगटाएवढा एक गेल्या जूनमध्ये सालीची पट्टी घेऊन गाडीवर आला. वाळलेली वा एकमेकींवर घासणारी फांदीच काढावी. तीही आधी खालून अर्धवट, मग वरून आणि शेवटी बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या अगदी बाहेरून कापावी. खुंटी ठेवू नये आणि फुगवटाही तासू नये, कारण जखम त्याच पेशींनी मिटते. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणे हेही ‘झाड तोडणे’ या व्याख्येत येते, म्हणून शहरात आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

डांबराने जखम भरते, हा समज जुना आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड कुजलेला भाग बरा करत नाही, तर त्याच्याभोवती आतून बांध घालते. लेपाने कुजणे थांबत नाही, उलट ओल कोंडते. संत्र्याच्या बागेत डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) लावतात ते मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम हे एका विशिष्ट बुरशीवरचे औषध आहे. त्याचा दाखला डांबराला लागू होत नाही.

ढोलीचे थोडक्यात सांगता येईल. गाभ्याचे लाकूड मृतच असते, त्यामुळे पोकळ झाडही वर्षानुवर्षे उभे राहते. वाऱ्यात खोड डुलते, सिमेंट डुलत नाही, आणि दोहोंच्या फटीत पाणी मुरते.

ओट्याच्या बाजूने गावच्या वडाच्या पाराचा दाखला दिला जातो, पण त्या पारापलीकडे मोकळी जमीन असे. आपल्याकडे ओट्यापलीकडे फरशी असते. अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांत, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात आणि त्यांना हवा लागते. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. ओट्यात भराव टाकून बुंधा गाडला, तर साल ओलीने कुजते. त्याऐवजी पालापाचोळ्याचा तीन-चार बोटे जाड थर खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरावा. तो आवारातच पडतो आणि आपण तो जाळतो.