‘पुण्याला प्लॅनच नव्हता’ म्हणण्याआधी नकाशा उघडून बघा

दोन पाऊस जोरात पडले, चौकात गुडघाभर पाणी साचलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, आणि शाळेतल्या एका मैत्रिणीनं ‘हे वाच, तुझ्याबद्दल आहे’ म्हणून वेगळा पाठवला. मजकूर असा: “पुण्याला कधी प्लॅनच नव्हता. टाउन प्लॅनर एसीत बसून नकाशात रंग भरतात. आरक्षणं टाकायची आणि बिल्डरसाठी उठवायची, एवढंच यांचं काम. शहराला चार कडक इंजिनिअर द्या, उड्डाणपूल बांधा. नगररचना खातं बंद करा, बाकीचं उपग्रह आणि कॉम्प्युटर करेल.”

मी बावीस वर्षं नगररचनेचं काम करते. बहुतेक काम लहान नगरपरिषदांच्या विकास आराखड्यांचं. राहते पुण्यात, आणि त्याच पाण्यातून मीही स्कूटर ढकलत घरी आले आहे. त्यामुळे मजकूर लिहिणाऱ्याचा राग मला परका नाही. पण हा राग भलत्याच माणसाला धरतो आणि ज्याला जाब विचारायचा त्याला मोकळं सोडतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘प्लॅनच नव्हता’ हे धादांत खोटं आहे. नगररचनेचा देशातला पहिला कायदा १९१५ साली आपल्याच मुंबई प्रांतात झाला. जुन्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, सरळ रस्ते आणि आखीव प्लॉट नगररचना योजनेतून आले. पानशेतच्या पुरानंतर पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, पुण्याची विकास योजना मंजूर झाली. दुसरी १९८७ मध्ये, तिसरी जानेवारी २०१७ मध्ये. आजचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा म्हणतो वीस वर्षांतून एकदा आराखडा सुधारा. आपल्याला तीस लागली.

ही तिसरी योजना नीट बघण्यासारखी आहे. जुन्या हद्दीसाठीचा हा आराखडा २००७ ते २०२७ या काळाचा. प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, लोकांसमोर आलं २०१३ मध्ये. त्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, महापालिकेत वाद झाले, मुदतीत निर्णय झाला नाही, म्हणून मार्च २०१५ मध्ये शासनानं आराखडा स्वतःकडे घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. अंतिम मंजुरी आली तेव्हा वीसपैकी दहा वर्षं संपली होती. त्या दहा वर्षांत शहर काही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. ज्या जागेवर बाग दाखवायची तिथे पत्र्याच्या शेड आल्या, जिथून रस्ता न्यायचा तिथे तीन मजले चढले.

आणि १९८७ च्या आराखड्यातला तो प्रसिद्ध वर्तुळाकार मार्ग घ्या. सार्वजनिक वाहतुकीसाठी राखलेला, एचसीएमटीआर म्हणून ओळखला जाणारा, साधारण छत्तीस किलोमीटरचा. आखणाऱ्यानं तेव्हा आखून ठेवला. आजही तो नकाशावरच आहे. ‘प्लॅन नव्हता’ म्हटलं की दोष रेघ ओढणाऱ्यावर जातो. ‘प्लॅन होता, अमलात आणला नाही’ म्हटलं की जमीन ताब्यात का घेतली नाही, अंदाजपत्रकात पैसे का ठेवले नाहीत, हे विचारावं लागतं. मला वाटतं, म्हणूनच पहिलं वाक्य जास्त सोयीचं ठरतं.

एका ठिकाणी मात्र माझं मजकुराशी भांडण नाही. २०१७ मध्ये अकरा गावं आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेत आली. त्यांतल्या कित्येक गावांत इमारती आधी आल्या, पाणी आणि ड्रेनेज नंतर, आणि आराखडा सगळ्यांत शेवटी. भोवतालच्या प्रदेशासाठी पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये शासनानं तो रद्दच केला. तिथे राहणारा माणूस ‘आमच्याकडे प्लॅन नाही’ म्हणाला, तर तो खरं बोलतोय.

आता एसीत बसून रंग भरण्याबद्दल. रंग भरतो हे खरं आहे: राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्याला जांभळा, शेतीला आणि बागांना हिरवा. पण रंग भरण्याआधी विद्यमान जमीन वापराची पाहणी असते, आणि ती पायीच करावी लागते. एका तालुक्याच्या गावी मे महिन्यात आम्ही चौघं ही पाहणी करत होतो. भाग नकाशा पाठीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खिशात रंगीत पेन्सिली, बरोबर नियोजनाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक इंटर्न मुलगी. दुकान दिसलं तरी वर कोण राहतं ते विचारायचं. गिरणी बंद आहे की चालू, शाळेला मैदान आहे की शेजाऱ्याची जागा वापरतात, सगळं विचारायचं.

बाजारपेठेच्या मागे एक सिमेंटचा रुंद पट्टा लागला. त्यावर टेम्पो लावलेले. उपग्रहाच्या चित्रात ती जागा आम्हाला पार्किंग म्हणून दिसली होती, आणि तशीच खूण आमच्या नकाशावर होती. ओट्यावर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. आमच्या मुलीनं सहज विचारलं, आजी, इथे आधी काय होतं? त्या म्हणाल्या, “आधी काय, आत्ताबी वढाच हाय की पोरी. वर सलाब टाकलाय नुसता. आखाडात पाणी ह्या पायरीपत्तुर येतं.” आणि त्यांनी तिसऱ्या पायरीवर हात ठेवला. मुलीनं टेप काढली आणि जमिनीपासून त्या पायरीपर्यंत मोजलं. मग ती पुढच्या अकरा घरांत गेली आणि प्रत्येक ठिकाणी पाणी कुठवर येतं ते विचारून उंबऱ्यापासूनची उंची वहीत लिहून घेतली. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर ते आकडे जोडले तेव्हा गाडलेल्या ओढ्याची सगळी वाट नकाशावर उमटली. त्या वाटेवर आम्ही दवाखान्याचं आरक्षण टाकणार होतो, म्हणजे ती जागा आराखड्यात दवाखान्यासाठी राखून ठेवणार होतो. ते हलवलं.

तिसरा आरोप, बिल्डरसाठी आरक्षणं उठवण्याचा, सगळ्यांत झोंबणारा, म्हणून त्याला जास्त जागा देते. आमच्या व्यवसायात पैसे खाणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत. काहींना मी ओळखते आणि त्यांच्या शेजारी बसायला मला लाज वाटते. पण आरक्षण कसं जातं, हे कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे, आणि त्यात प्लॅनरच्या सहीपेक्षा महापालिकेच्या रिकाम्या तिजोरीचा हात मोठा आहे.

त्याच नगररचना कायद्याचं कलम १२६ सांगतं की आरक्षित जमीन तीन मार्गांनी घेता येते: मालकाशी ठरवून, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्तीचं बांधकाम) देऊन, किंवा भूसंपादन करून. दहा वर्षांत यांतलं काहीच झालं नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. पूर्वी त्या नोटिशीनंतर सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, आता चोवीस आहेत. तेवढ्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. खेळाच्या मैदानाची जागा पुन्हा मालकाची. यात मालकाचा काय दोष? दहा वर्षं त्यानं ना विकली, ना बांधली. नोटीस आली की फाइल भूसंपादनाकडे, तिथून लेखा विभागाकडे, तिथून ‘तरतूद उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत, आणि तोवर मुदत संपते. अशा फायली मी हातात धरून टेबलामागून टेबलं फिरले आहे.

दुसरा रस्ता कलम ३७ चा, म्हणजे मंजूर आराखड्यात फेरबदल. ठराव करते महापालिका, मंजुरी देतं शासन. आमची टिप्पणी मध्ये कुठेतरी असते. ‘प्रस्ताव शिफारसपात्र नाही’ असं मी स्वतः लिहिलेले प्रस्ताव पुढे मंजूर झालेले पाहिले आहेत. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. एरवी एखादा ठराव सभागृहात आला की निदान विरोधी बाकावरचा कोणी उठून बोलायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. त्या काळात हा दरवाजाच बंद होता. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या परिशिष्टात महापालिकांच्या कामांची यादी दिली, तिची सुरुवातच नगर नियोजनापासून होते. घटनेनं पहिलं मानलेलं काम निवडून आलेल्या एकाही माणसाशिवाय चाललं, याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही.

आणि शेतकरी. एका सुनावणीत साठीचे एक गृहस्थ सातबारा घडी करून टोपीत ठेवून आले होते. वीस गुंठ्यांपैकी बारा गुंठ्यांवर प्राथमिक शाळेचं आरक्षण. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, शाळा पायजेच. पण सगळ्या गावाची शाळा माझ्या एकट्याच्या रानात का?” माझ्याकडे या प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर बोलत होते. याचं उत्तर नगररचना योजनेत आहे. सगळ्यांनी आपल्या जमिनीचा थोडा थोडा वाटा रस्ते-शाळा-बागांना द्यायचा आणि उरलेला आखीव, रस्त्यालगतचा प्लॉट परत घ्यायचा. आपल्याच कायद्यात ही तरतूद आहे. शेजारच्या गुजरातनं ती सातत्यानं वापरली. आपण ती अनेक दशकं बाजूला ठेवली आणि आरक्षणाचा सगळा भार ज्याच्या जमिनीवर रंग पडला त्याच्या एकट्याच्या माथी मारला. यात आम्हा नगररचनाकारांचाही दोष आहे, आम्ही त्यासाठी पुरेसा आवाज केला नाही.

उड्डाणपुलांचं थोडक्यात सांगते. विद्यापीठ चौकातला पूल आठवा. उभा राहून पंधरा वर्षंही झाली नव्हती, तर जुलै २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात पाडला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्याच चौकातून जायचा होता. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं गणित चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला एक चौक सोडवायला सांगितला होता, तो त्यानं सोडवला. पण गाड्या कुठून निघतात, कुठे जातात, वीस वर्षांनी घरं आणि नोकऱ्या कुठे असतील आणि त्या वाटेवरून रेल्वे न्यायची की बस, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. तो नियोजनाचा प्रश्न आहे. रस्ता रुंद केला की थोडे दिवस मोकळा वाटतो, मग आधी दुचाकी किंवा बसनं जाणारे चारचाकी काढतात आणि तो पुन्हा भरतो. सिंहगड रस्त्यावर किंवा नगर रस्त्यावर राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

राहिला उपग्रह. उपग्रह मला हवा आहे, मी रोज वापरते. पूररेषा आखताना, टेकडीचा उतार मोजताना त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण स्लॅबखालचा ओढा त्याला दिसला नाही, आजींना दिसला. मोठ्या प्रमाणावर असं झालं की काय होतं ते मुंबईनं २०१५ मध्ये अनुभवलं. फेब्रुवारीत प्रारूप आराखडा आला. त्यात वारसा इमारतींच्या नोंदी गळालेल्या आणि उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले निघाले. एप्रिलमध्ये तो मागे घेऊन दुरुस्त करायला लागला, आणि सुधारलेला आराखडा अमलात यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. ती आमच्या व्यवसायाची मोठी चूक होती, आणि तिचं मूळ पाहणीत होतं.

पाहणीला माणसं लागतात, आणि माणसंच नाहीत. नीती आयोगानं सप्टेंबर २०२१ मध्ये नगर नियोजनाच्या क्षमतेवर अहवाल दिला. देशातल्या राज्यांच्या नगररचना खात्यांना बारा हजारांहून जास्त नियोजनकार लागतात. मंजूर पदं चार हजारांपेक्षा कमी. त्यांतलीही बेचाळीस टक्के रिकामी. ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी पासष्ट टक्क्यांना आराखडाच नाही. आणि कित्येक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी असावी अशी अटसुद्धा नाही. ‘खातं बंद करा’ म्हणणाऱ्याला माझी विनंती आहे की जवळच्या नगरपरिषदेत जाऊन नगररचना विभाग कुठे आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी एक टेबल, एक कपाट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा अधिकारी सापडेल.

ज्या गावात आम्ही ओढा मोजला तिथेही तसंच आहे. आराखडा मंजूर झाला, पण त्याप्रमाणे बांधकाम परवानग्या तपासायला नेमलेला नगररचनाकार आणखी दोन गावांचा कार्यभार सांभाळतो. आमच्या त्या मुलीला तिथेच काम करायचं होतं. पदवी झाल्यावर तिनं दीड वर्ष जाहिरातीची वाट पाहिली. आता ती हैदराबादला एका खासगी कंपनीत मॉलसाठी जागा शोधून देते. पायऱ्यांच्या उंचीची वही तिनं जाताना माझ्याकडे दिली. गेल्या पावसाळ्यात त्या गावाहून फोन आला होता, स्लॅबवर आता पक्के गाळे बांधायचं चाललंय म्हणून. मी वहीची पानं स्कॅन करून त्या अधिकाऱ्याला पाठवली. तो त्या दिवशी दुसऱ्या गावी होता.